पडद्यावरचा राजा कुणाला भितो?

'मिडीव्हल टू : टोटल वॉर' हा खेळ २००६ साली आला. तो खेळलेल्या बहुतेकांना एक अनुभव हमखास आला असेल. शेजारच्या राज्याशी तह आहे, व्यापार सुरळीत चालू आहे, सीमेवर कुरबूर नाही. अशात एके दिवशी त्याच शेजाऱ्याचं एकच गलबत येतं आणि आपल्या बंदराची नाकेबंदी करतं. मागे फौज नसते, पुढचा काही बेत नसतो. आपण चिडून त्याची शहरं एकामागून एक घेतो. शेवटचं शहर उरतं, वेढा पडतो, तरीही तो तहाला नकारच देतो. लढाईचा देखावा आजही डोळ्यांत भरावा असा आहे. घोडदळाची धडक, तटाला लावलेल्या शिड्या, सगळं मन लावून केलेलं आहे. गादीवर बसवलेला राजा मात्र राजासारखा वागत नाही.

मध्ययुगीन राज्यांवरच्या डावपेचांच्या खेळांमधला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अवघड प्रश्न आहे. संगणकाने चालवलेला राजा खरा कसा वाटावा? गेल्या चाळीस वर्षांत यावर बरंच काम झालं. मला त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जिथे राजाला जास्त हुशार करण्याचा प्रयत्न झाला, तिथे तो फार तर कठीण प्रतिस्पर्धी झाला. जिथे त्याच्याभोवती घर, दरबार, भाऊबंद आणि मांडलिक उभे केले, तिथे तो राजा वाटू लागला. खरा राजा त्याच्या अडचणींमुळे ओळखू येतो.

सुरुवात १९८३ सालची. त्या वर्षी जपानमध्ये कोएई कंपनीचा 'नोबुनागाज अँबिशन' आला, आणि अमेरिकेत ख्रिस क्रॉफर्ड यांनी अटारीच्या संगणकासाठी 'एक्सकॅलिबर' केला. दोन्हींमध्ये राज्यकर्ता हा माणूस आहे ही जाण होती. 'एक्सकॅलिबर'मध्ये खेळाडू राजा आर्थर होतो आणि गोलमेजेभोवतीच्या सरदारांची मर्जी सांभाळतो. एकाला बक्षीस दिलं की दुसऱ्याच्या मनात काय येईल, याचा विचार करावा लागतो. तेव्हाच्या यंत्रांची स्मृती आजच्या एका छायाचित्रालाही पुरणार नाही, आणि तेवढ्यात हे बसवलं होतं. कोएईने पुढे 'रोमान्स ऑफ द थ्री किंग्डम्स'मध्ये सरदारांच्या निष्ठेला आकडा दिला. निष्ठा उतरली की सरदार फुटतो, शत्रूला जाऊन मिळतो. निष्ठा मोजता येते आणि विकतही घेता येते, ही कल्पना तिथून या खेळांमध्ये रुळली.

दुसरी वाट स्वभावाची. ब्रिटनच्या फायरफ्लाय स्टुडिओजचा 'स्ट्राँगहोल्ड' २००१ साली आला, पुढच्या वर्षी 'स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर'. त्यातले उंदीर, साप, डुक्कर आणि लांडगा ही टोपणनावं मिरवणारे चार सरदार आजही खेळाडूंच्या तोंडी आहेत. उंदीर भेकड आणि कंजूष. त्याचा किल्ला किरकोळ, सैन्य स्वस्तातलं. लांडगा थंड डोक्याचा, त्याचे तट जाड. सोबत सलाहुद्दीन आणि रिचर्ड द लायनहार्टही आहेत. प्रत्येकाचे किल्ले रचनाकारांनी आधीच आखून ठेवलेले असतात. संगणक त्या नकाशाबरहुकूम बांधत जातो आणि ठरलेल्या पद्धतीची फौज पाठवत राहतो. बुद्धी म्हणावी असं त्यात फारसं नाही. तरीही समोर कोण आहे हे कळतं, आणि ते कळणं मोलाचं आहे. उणीव एवढीच की हा स्वभाव कशानेही बदलत नाही. उंदराला दहा वेळा हरवा, तो तोच राहतो. रिचर्डला मागच्या लढाईतलं काही आठवत नाही. स्वभाव आहे, आयुष्य नाही.

'एज ऑफ एम्पायर्स टू'बद्दल इथे फार लिहायला नको. त्यातला संगणक गावं वसवतो, लाकूड तोडतो, हल्ले करतो, आणि ते उत्तम करतो. पण तिथे राजा म्हणजे पटावरचं एक प्यादं. राज्य करणं हा त्या खेळाचा विषयच नाही.

जिंकायचं की राज्य करायचं, हा पुढचा मोठा वाद. 'सिव्हिलायझेशन फोर'चे रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी तो उघडपणे मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : संगणकाला जिंकण्यासाठी खेळवायचं, की माणसाला रंगतदार अनुभव मिळावा म्हणून खेळवायचं, हे आधी ठरवा. जिंकायलाच बसलेला प्रतिस्पर्धी खेळाडू विजयाजवळ पोचला की जुनी मैत्री विसरून त्याच्यावर तुटून पडतो. बुद्धिबळात ते योग्य आहे. राज्यांच्या खेळात तोच प्रकार विश्वासघात वाटतो, आणि वाटायलाच हवा, कारण इतिहासातला कुठलाच राजा 'शेवटी कुणाचे गुण जास्त' हे पाहून वागला नाही. २०१० साली 'सिव्हिलायझेशन फाइव्ह' आला तेव्हा खेळाडूंची तक्रार नेमकी हीच होती. कालपर्यंत गळ्यात गळा घालणारा नेता आज युद्ध पुकारतो, आणि का ते कळत नाही. चौथ्या भागात प्रत्येक नेत्याच्या राग-लोभाची कारणं आकड्यांसह समोर दिसत. पाचव्यात ती सुरुवातीला झाकलेली होती, नंतरच्या सुधारणेत उघड केली गेली. माझ्या मते हा धडा सगळ्या खेळांना लागू आहे. कारण दिसलं नाही, तर अत्यंत विचारपूर्वक केलेली खेळीही लहरीपणाच वाटते.

आता या विषयाच्या मुख्य पानाकडे येऊ. स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्स इंटरॅक्टिव्हने २००४ साली 'क्रुसेडर किंग्ज' आणला. दुसरा भाग २०१२ चा, तिसरा २०२० चा. इथे खेळाडू राज्य चालवत नाही, घराणं चालवतो. राजा मेला की वारस होऊन पुढे खेळायचं. नकाशावर हजारो माणसं असतात, आणि प्रत्येकाला वय, आईबाप, जोडीदार, मुलं, गुण, अवगुण असतात. प्रत्येकाचं दुसऱ्याविषयी मत असतं. ते उणे शंभर ते अधिक शंभर अशा पट्टीवर मोजलेलं, कारणांच्या यादीसकट दिसतं. माझ्या चुलत्याला कैदेत टाकलंस, म्हणून इतकं वजा. मुलीचा विवाह आमच्या घरात केलास, म्हणून इतकं अधिक.

या खेळाचं आतलं काम पाहण्यासारखं आहे, आणि ते कुणालाही पाहता येतं, कारण बहुतेक नियम साध्या मजकुराच्या फायलींमध्ये लिहिलेले आहेत. तिसऱ्या भागात प्रत्येक पात्राच्या वागण्याला नऊ मापं आहेत : धाडस, करुणा, उत्साह, लोभ, इमान, विवेक, मनमिळाऊपणा, सूडबुद्धी आणि धर्मनिष्ठा. 'शूर' हा गुण असेल तर धाडसाचं माप चढतं, 'भित्रा' असेल तर उतरतं. मग एखादा निर्णय समोर आला की, समजा राजाविरुद्धच्या कटात सामील व्हायचं की नाही, संगणक वजनं मांडतो. राजाविषयी मत वाईट, इतकं वजन वाढवा. धाडस कमी, इतकं कमी करा. बंडखोरांचं बळ राजाच्या तोडीला आलंय, वाढवा. शेवटी बेरीज होते, काही ठिकाणी वर नशिबाचा फासा पडतो. यात कसलीही जादू नाही. तरीही भित्रा मांडलिक वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि राजाचं सैन्य परमुलखात अडकलं की हळूच बंडात नाव घालतो, तेव्हा तो माणूस खरा वाटतो.

तिसऱ्या भागातली मला सगळ्यात आवडलेली भर म्हणजे मनावरच्या ताणाची. दयाळू राजाने कुणाला सुळावर चढवलं, तर त्याचा ताण वाढतो. कंजूष राजाने दान दिलं तरी वाढतो. ताण साचत गेला की माणूस खचतो, दारूला लागतो. ही व्यवस्था मुख्यतः खेळाडूला वेसण घालायला आहे. सर्वांत फायद्याचा निर्णय प्रत्येक वेळी घेता येत नाही, कारण गादीवरचा माणूस तसा नाही. राजा खरा करण्याचं मर्म मला इथे दिसतं : त्याच्याकडून काय होणार नाही, हे आधी ठरवणं.

पण एवढ्या तयारीनंतरही पॅरॅडॉक्सचे राजे कुठे फसतात, हे समजायला इतिहासातलं एक प्रकरण जवळून पाहू. जुलै ११८७. जेरुसलेमचा राजा गी द लुझिन्याँ सफ्फुरियाच्या झऱ्यांपाशी आपली सगळी फौज घेऊन बसला आहे. सलाहुद्दीनने तिबेरियास शहर घेतलंय. किल्ल्यात त्रिपोलीचा काउंट रेमंड याची पत्नी एशिवा अडकली आहे. मधला मुलूख बिनपाण्याचा, आणि उन्हाळा ऐन भरात. खुद्द रेमंड सांगतो, जाऊ नका. बायको माझी, शहर माझं, तरी सांगतो, जाऊ नका. सभेला ते पटतं. रात्री टेंपलर सरदारांचा प्रमुख जेरार द रिडफोर राजाच्या तंबूत जातो, आणि सकाळी कूच करण्याचा हुकूम निघतो. ४ जुलैला हत्तीनच्या टेकड्यांखाली तहानेने व्याकूळ झालेली ती फौज संपली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जेरुसलेम पडलं.

संगणकाला हे प्रकरण दिलं, तर तो बळाची तुलना करील, रस्त्यातली हानी मोजील आणि झऱ्यापाशी थांबेल. मग गी मूर्ख होता का? चार वर्षं मागे जाऊन पाहा. ११८३ साली तो आजारी राजा बाल्डविनच्या वतीने कारभार पाहत होता. तेव्हाही सलाहुद्दीन चालून आला होता. गी मोठी फौज घेऊन समोर तळ ठोकून बसला, लढला नाही, आणि सलाहुद्दीन परत गेला. लष्करी दृष्टीने ते शहाणपण होतं. बक्षीस काय मिळालं? भ्याड म्हणून बोल लागला आणि कारभार काढून घेतला गेला. ११८६ साली तो पत्नी सिबिलाच्या हक्काने गादीवर आला, तोही निम्म्या सरदारांच्या मनाविरुद्ध. त्यांत पुढे होता हाच रेमंड. आता त्या रात्री तंबूत बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. गेल्या खेपेला थांबलो तर सगळं गेलं. आज थांबायला सांगणारा माझा विरोधक आहे. लढाई हरण्याची भीती आहेच, पण दुसऱ्यांदा भ्याड ठरण्याची भीती त्याहून जवळची आहे.

खरा वाटणारा राजा घडवायचा तर या रात्रीचा हिशोब संगणकाला मांडता आला पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. घडलेल्या घटनेची आठवण, आणि ती केवळ 'अमुक माणूस आवडतो' अशी नको, 'अमुक केलं तेव्हा अमुक झालं' अशी हवी. गादी किती पक्की याची स्वतःची जाणीव. आणि सल्ला देणारी माणसं, ज्यांच्या सल्ल्याचं वजन सल्ल्याच्या खरेपणापेक्षा सल्लागाराशी असलेल्या नात्यावर ठरतं. पहिल्या दोहोंचे तुकडे आजच्या खेळांत आहेत. तिसरी जवळजवळ नाही. 'क्रुसेडर किंग्ज टू'च्या २०१६ सालच्या 'कॉन्क्लेव्ह' या भरीमध्ये राजसभेला मतदानाचा हक्क दिला होता, ही चांगली सुरुवात होती. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट आली, बचावाच्या आघाड्यांची. कुणी फार वेगाने वाढू लागला की आसपासची राज्यं त्याच्याविरुद्ध एकत्र येत. तत्त्व बरोबर, पण अंमल असा की एकमेकांचे कट्टर वैरी, वेगवेगळ्या धर्मांचे राजे, एका ओळीत उभे राहत. खेळाडू खवळले, आणि पुढे ती आघाडी बंद करण्याची सोय द्यावी लागली. खेळाचा तोल सांभाळण्यासाठी राजांच्या तोंडी घातलेलं वागणं लगेच ओळखू येतं.

तह हे दुसरं दुबळं अंग. १२२९ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक याने लढाई न करता जेरुसलेम मिळवलं. तो स्वतः पोपने बहिष्कृत केलेला. समोर इजिप्तचा सुलतान अल्‌-कामिल, ज्याचा खरा झगडा दमास्कसला राज्य करणाऱ्या आपल्याच पुतण्याशी चालला होता. दहा वर्षांचा तह झाला. शहर ख्रिस्त्यांकडे गेलं, हरम अल्‌-शरीफ मुसलमानांकडे राहिलं. दोघांच्याही धर्मबंधूंनी दोघांनाही शिव्या घातल्या. या खेळांमध्ये असा तह जवळजवळ होऊच शकत नाही. युद्ध एका ठरीव कारणावरून सुरू होतं आणि तेवढंच मिळवून किंवा गमावून संपतं. शहर एकाचं, त्यातलं देवस्थान दुसऱ्याचं, मुदत दहा वर्षं, असली तडजोड मांडायला पटावर घरच नाही. अल्‌-कामिलला कितीही अक्कल दिली तरी करायला खेळी नसेल तर ती वाया जाते.

तुर्कस्तानच्या टेलवर्ल्ड्सचा 'माउंट अँड ब्लेड : वॉरबँड' २०१० चा, आणि 'बॅनरलॉर्ड' २०२२ साली पूर्ण स्वरूपात आला. त्यांची अडचण वेगळी. 'वॉरबँड'मध्ये सेनापती सगळ्या सरदारांना गोळा करतो, मग ही फौज मुलूखभर हिंडते, आणि काही हाती न लागता पांगते. खेळाडू यावर वैतागत. सरंजामी फौजा अनेकदा अशाच हिंडत आणि पांगत, हे मला नमूद करावंसं वाटतं. मात्र त्या का पांगल्या हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक असे. सेवेची मुदत संपली, दाणागोटा संपला, सुगी आली. खेळात कारण नसतं, नुसतं पांगणं असतं. 'बॅनरलॉर्ड'मध्ये युद्ध आणि तह यांवर सरदार मतं देतात, ही रचना चांगली आहे. पण युद्धं इतक्या लवकर सुरू होतात आणि मिटतात की वैराला मुरायला वेळच मिळत नाही.

यंत्राच्या मर्यादेबद्दल न बोलणं अन्यायाचं होईल. हजारो पात्रांनी रोज प्रत्येक गोष्टीचा विचार करायचा म्हटलं तर संगणक ठप्प होईल. म्हणून फायलींमध्ये लिहिलेलं असतं की अमुक निर्णयाचा विचार इतक्या महिन्यांनी एकदा करायचा. आपल्याला जो राजा गाफील वाटतो, त्याची विचार करण्याची पाळीच अजून आलेली नसते. शिवाय तो एका बाबतीत खऱ्या राजापेक्षा फारच शहाणा असतो. शेजाऱ्याचं बळ त्याला जवळजवळ अचूक माहीत असतं. मध्ययुगात ही माहिती हेर, व्यापारी आणि अफवा यांच्याकडून यायची आणि बहुधा चुकीची असायची. राजाला थोडं चुकीचं दिसू देणं ही तशी स्वस्तातली सुधारणा आहे, तिच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिलं.

गेल्या काही वर्षांत भाषेच्या मोठ्या प्रारूपांकडे आशेने पाहिलं जातंय. २०२२ साली मेटाच्या संशोधकांनी 'सिसेरो' हा कार्यक्रम 'डिप्लोमसी' या पटावरच्या खेळात उतरवला. माणसांशी लेखी वाटाघाटी करत त्याने चाळीस डावांमध्ये भाग घेतला आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आला. त्यातली खुबी अशी की बोलणं आणि खेळी ठरवणं हे दोन भाग एकमेकांना बांधलेले होते. जे बोललं जायचं ते आखलेल्या बेतावर आधारलेलं असायचं. हौशी मंडळींनी आता 'क्रुसेडर किंग्ज थ्री' आणि 'बॅनरलॉर्ड'मधल्या पात्रांना असंच बोलतं केलंय. राजा आपल्याशी तासभर बोलतो, खानदानाचा अभिमान सांगतो, दरबारी भाषा वापरतो. पण त्या बोलण्याने तह बांधला जात नसेल, दिलेला शब्द मोडल्यावर काही गमावलं जात नसेल, तर ते संवाद कितीही छान असले तरी राजकारण ठरत नाहीत. आणि ही प्रारूपं मुळात समोरच्याचं मन राखायला शिकलेली असतात. खेळाडूने जरा समजूत घातली की सुलतान किल्ला द्यायला तयार होतो. आधी अडचणींची चौकट, मग भाषा, असा क्रम लागला तर यातून मोठं काम होईल. उलट्या क्रमाने गेलं तर गोड बोलणारा पुतळा मिळेल.

या खेळांच्या नकाशावर आपलं दख्खनही आहे. 'क्रुसेडर किंग्ज टू'मध्ये ते २०१४ सालच्या 'राजाज ऑफ इंडिया' या भरीतून आलं, तिसऱ्या भागात पहिल्यापासून आहे. दोन्ही खेळांत १०६६ पासून सुरुवात करता येते, आणि ते वर्ष इंग्लंडइतकंच दख्खनसाठीही महत्त्वाच्या काळातलं आहे. कल्याणीच्या गादीवर चालुक्य पहिला सोमेश्वर आहे. १०६८ साली असाध्य आजाराला कंटाळून तो तुंगभद्रेत जलसमाधी घेतो. थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर गादीवर बसतो. धाकटा विक्रमादित्य घराण्याच्या पिढीजात शत्रूशी, वीरराजेंद्र चोळाशी सोयरीक करतो, त्याची मुलगी करतो. १०७० साली वीरराजेंद्र मरतो. विक्रमादित्य आपल्या मेहुण्याला चोळांच्या गादीवर बसवायला धावतो, पण तो मेहुणा काही महिन्यांतच मारला जातो आणि कुलोत्तुंग गादी घेतो. मग थोरला भाऊ कुलोत्तुंगाशी हातमिळवणी करतो. १०७६ साली विक्रमादित्य भावाला पदच्युत करतो आणि स्वतःच्या नावाचा शक सुरू करतो. कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातली चंद्रलेखा ही त्याची राणी. काश्मीरहून आलेला बिल्हण त्याच्या पदरी राहून 'विक्रमांकदेवचरित' लिहितो आणि सगळा दोष थोरल्या भावाच्या माथी मारतो.

राजाला खरं करायला जे जे लागतं ते या दहा वर्षांत आहे : भाऊबंदकी, शत्रूघरची सोयरीक, अपुऱ्या माहितीवर मारलेली धाव, आणि गादी बळकावल्यावर ती न्याय्य होती हे पटवण्याची धडपड. नऊ मापांत हे बसत नाही. पण खेळांच्या फायली उघड्या आहेत, नव्या घटना आणि नवे नियम कुणालाही लिहिता येतात, आणि जगभरची पोरं आपापल्या प्रांतांसाठी ते लिहीतही आहेत. मराठी मुलामुलींमध्ये हे खेळ खेळणारे आणि त्यांत फेरफार करणारे आहेत, आणि आपल्याकडे ताम्रपट-शिलालेख वाचणारे अभ्यासकही आहेत. या दोघांनी एकत्र बसावं, आणि १०६६ ते १०७६ या दहा वर्षांचं चालुक्यांचं घर त्या फायलींमध्ये लिहून काढावं. विक्रमादित्याचं धाडस किती ठेवायचं हा प्रश्न सगळ्यांत शेवटी घ्यावा. आधी त्याच्याभोवतीची माणसं लिहावीत.